दहापैकी दोन

डुलुथ,
१४ सप्टेंबर, रविवार

प्रिय सेन्या,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू कुठल्या समुद्रात असशील कोण जाणे. नेहमीप्रमाणे बंदरावरच्या तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर टाकतेय. जहाज धक्क्याला लागलं की मिळेलच. अलास्कात थंडी सुरू झाली असेल. हातमोजे घालतेस ना? की जाळ्यात किती मासे आले ते उघड्या बोटांनीच मोजतेस?

इकडे सगळं ठीक. आई मजेत आहे. "आमची लेना डॉक्टर झाली" असं ती अजून गिल्बर्ट गावभर सांगत फिरते, आणि लोक तिच्याजवळ रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी करतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोळ्या देत नाही, हे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. शेवटी काल मी एका बाईंना सांगून टाकलं की मीठ कमी खा. त्या खूश होऊन गेल्या.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, पदवी झाली, परवाना मिळाला, मग ही रेसिडेन्सी आणखी कशाला? बाई, मलाही रोज सकाळी हाच प्रश्न पडतो. हाडं-सांध्यांचं खास शिक्षण, एक वर्षाचं. दिवसभर रुग्ण बघायचे, बुधवारी पहाटे सगळ्यांसमोर संशोधनाचे लेख वाचून दाखवायचे, आणि आठवड्यातून तीन तास ओडेसा प्रुइट नावाच्या माझ्या मार्गदर्शक बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मी रुग्णाला कसं तपासते ते बघणार. त्या अलाबामाच्या. पंधरा वर्षं इथे राहूनही सप्टेंबरातच लोकरीची टोपी चढवतात. रुग्ण गेला की विचारणार, "मानेपासून सुरुवात का केलीस? कोपर का नाही बघितलंस? आणि मघाशी त्यांनी बायकोचं नाव घेतलं तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं?" मला घाम फुटतो. पण आमच्या इस्पितळात वर्षाला एकच जागा असते, मी तिसऱ्या खेपेला ती मिळवलीय, आणि आता काही झालं तरी सोडणार नाही.

१४ ऑक्टोबरला पहिली मोठी परीक्षा. खराखुरा रुग्ण, समोर दोन परीक्षक, आणि तासभर त्यांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. नंतर तासभर ते मला सोलणार. एकदा नापास झालं तर पुन्हा देता येते. दुसऱ्यांदा झालं तर सामान बांधायचं. रुग्ण आपणच निवडायचा, तोही असा हवा की ज्याचं दुखणं फार सोपं नाही आणि फार अवघडही नाही.

आता खरी बातमी. मंगळवारी माझ्याकडे कोण आलं असेल? तुझे बाबा! तास-सव्वातास गाडी हाणत, ती लाल टोपी घालून. रुग्णाबद्दल आम्हाला घरच्यांशीसुद्धा बोलता येत नाही, पण त्यांनी कागदावर सही करून दिलीय. म्हणाले, "सेन्याला तू लिही. म्हणजे मला फोनवर बोलावं लागणार नाही."

मी दारात जाऊन हाक मारली, "मिस्टर कांगास, या."

"मिस्टर कांगास माझा बाप होता," म्हणाले. "माझ्या सौनातल्या गरम वाफेतून ओरडत पळत सुटायचीस तेव्हा काय म्हणायचीस मला?"

"रेनो."

"मग आता काय शिंगं फुटली तुला?"

उजवा खांदा दुखतोय. लाकडं फोडून, असं त्यांचं म्हणणं. खांद्यामागे दुखतं आणि कधीकधी कळ करंगळीपर्यंत उतरते. मी नियमाप्रमाणे विचारलं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर किती?

"दोन."

"खरंच दोन?"

"दीड लिही. तुला बरं वाटत असेल तर."

तुला माहीतच आहे, खाणीत ट्रकच्या चाकाखाली अंगठा आला तेव्हा हा माणूस "जरा चेपलाय" म्हणाला होता आणि पाळी संपवूनच घरी आला होता. आपल्याकडचे सगळे पुरुष असलेच.

बाकी तब्येत छान दिसते. वजन उतरलंय चांगलंच. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडलीत. मी म्हटलं, रेनो, कुणी बाई बघितलीय की काय? तर म्हणाले, "तुझ्या आईला सांग, अजून वेळ गेलेली नाही." पलंगावर झोपणं मात्र सोडलंय म्हणे. रात्रभर आरामखुर्चीतच, टीव्ही लावून. तू घरी नाहीस तर अगदी लाडावलेत. आणि कॉफीचा कप डाव्या हाताने धरायला शिकलेत. "म्हातारपणी नवी विद्या," म्हणे.

मी मानेचे सांधे मोकळे केले, खांद्याचं थोडं काम केलं, आणि हात कितीतरी वर गेला. उठताना म्हणाले, "बरं आहे." आपल्या भागात हे म्हणजे टाळ्यांचा कडकडाट! मला काय आनंद झाला सांगू. दर मंगळवारी या म्हटलंय. आणि परीक्षेलाही त्यांनाच बसवणार आहे. लगेच तयार झाले. "शाळेत मी परीक्षेला बसलो की मास्तर रडायचे, तुझं बघ बाई," म्हणाले.

तेव्हा तू काळजी करू नकोस. खांदा माझ्याकडे आहे. तू तुझे मासे सांभाळ.

तुझीच,
लेना


डुलुथ,
१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय सेन्या,

तू बरी असशीलच. मीही आहे. इथे परवा पहिला बर्फ पडला आणि दुपारपर्यंत वितळून गेला. तळ्यावरून असा वारा सुटलाय की ओडेसा आता दोन टोप्या घालतात.

मी पास झाले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. आईने पोतित्सा, तो अक्रोडाचा गोड पाव, भाजून बसने पाठवली, इस्पितळात सगळ्यांना वाट म्हणून. मी तिच्यावर फोनवर ओरडले. का ओरडले ते तिला कळलं नाही. ती म्हणाली, "अगं, गोड करून तर पाठवलं." मग मी माफी मागितली. पोतित्सा अजून डब्यात आहे.

परीक्षेत काय झालं ते तुला सांगायला हवं. तुझ्या बाबांनी एवढंच लिहायला सांगितलंय की तपासण्या चालू आहेत. म्हणून आजाराचं तेवढंच लिहितेय. परीक्षेत घडलं ते लिहायला त्यांची हरकत नाही.

दोन्ही परीक्षक बसले होते, त्यांतल्या एक ओडेसा. मी तुझ्या बाबांना समोर खुर्चीत बसवलं, मान फिरवायला सांगितली, आणि त्यांनी खिडकीकडे तोंड केलं तेव्हा उजवी पापणी जराशी उतरलेली दिसली. बाहुलीही डाव्यापेक्षा बारीक. मग मी हात बघायला मागितला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला फुगीर भाग सपाट झालेला. करंगळीने माझं बोट दाबा म्हटलं तर दाबताच येईना.

मी थांबले. परीक्षकांकडे वळून सांगितलं की आज मी यांच्यावर उपचार करणार नाही. हे मानेचं किंवा खांद्याचं वाटत नाही. यांना आजच्या आज डॉक्टरांनी बघायला हवं. मग मी स्वतः फोन लावला, स्वतः त्यांना खाली घेऊन गेले, छातीचा फोटो काढेपर्यंत शेजारी बसले. ते म्हणाले, "परीक्षा बुडवलीस की." मी म्हटलं, बुडू दे.

बुडली नाही. ओडेसांनी नंतर मला धरून घट्ट मिठी मारली. त्या कुणाला मिठी मारत नाहीत, त्यांना थंडीच इतकी वाजते. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं परीक्षा घेतेय. मधेच थांबून 'मी उपचार करणार नाही' म्हणायची हिंमत कुणी केली नव्हती. बाकीचे सगळे स्वतःचं कसब दाखवत बसतात." फेब्रुवारीत आमच्या लोकांचं मोठं संमेलन आहे, तिथे मी हा अनुभव मांडावा अशी त्यांची इच्छा आहे. पहिल्या दिवसापासूनचा सगळा वृत्तांत.

लोक दारात थांबवून शाबासकी देतात. मला ती घशाखाली उतरत नाही. का ते आत्ता विचारू नकोस.

तुझ्या बाबांकडे शुक्रवारी गेले होते. लाकडं फोडलेली नव्हती, तशीच ओंडक्यांची रास अंगणात. मी थोडी फोडली. ते खिडकीतून बघत होते आणि माझी पद्धत चुकतेय असं काच वाजवून सांगत होते. शिकारीचा हंगाम येतोय, पण या वर्षी बंदूक काढायची नाही म्हणाले.

आणखी काय लिहू. तिकडे जपून राहा. डेकवर बर्फ साचतो म्हणतात.

तुझीच,
लेना


डुलुथ,
७ डिसेंबर, रविवार

प्रिय सेन्या,

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तू बंदरातून फोन केलास. त्याच्या आधी तासभर तुझ्या बाबांनी तुला सगळं सांगितलं होतं. फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला गाठ आहे, ती खांद्याकडे जाणाऱ्या नसांवर चढलीय आणि मणक्याला टेकलीय. औषधं आणि किरणं दोन्ही चालू आहेत, आणि शस्त्रक्रिया होईल की नाही ते जानेवारीत ठरेल. तू रडत होतीस. आणि रडता रडता तू मला म्हणालीस, "तू होतीस म्हणून, लेना. दुसरं कुणी असतं तर वर्षभर खांदाच चोळत बसलं असतं."

मी म्हणाले, "अगं, माझं कामच आहे ते."

हे वाक्य मी तुला बोलले. तेव्हापासून दहा दिवस ते माझ्या कानात आहे. त्यानंतर दोनदा मी तुला फोन केला आणि दोन्ही वेळा हवामान विचारून ठेवून दिला. तोंडाने मला जमत नाही, म्हणून लिहितेय. बसून वाच.

माझं सप्टेंबरातलं पत्र तू फेकलं नसशील तर काढ. त्यात मी लिहिलंय की तुझे बाबा पलंगावर झोपत नाहीत. वजन उतरलंय, पट्ट्याला नवी भोकं पाडलीत. कप डाव्या हाताने धरतात. कळ करंगळीपर्यंत जाते. हे सगळं मी तुला गंमत म्हणून लिहिलं. सेन्या, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालासुद्धा आम्ही हीच यादी पाठ करायला लावतो. रात्री आडवं होता येत नाही, काही न करता वजन घटतंय, हातातली ताकद जातेय, तीस वर्षं सिगारेट ओढलेला माणूस आहे. असं दिसलं की हात लावायचा नाही, डॉक्टरकडे धाडायचं. आणि तुझे बाबा तर डॉक्टरची चिठ्ठी न घेता थेट माझ्याकडे आले होते. इथे तशी मुभा आहे. म्हणजे माझ्या आधी त्यांना कुणीही तपासलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी विचारलं होतं, "रात्री दुखण्याने जाग येते का?" ते हसून म्हणाले, "जाग यायला आधी झोपावं लागतं. खुर्चीत बसून असतो मी." आणि मी नोंदीत लिहिलं, 'रात्री दुखत नाही.' वजनाच्या रकान्यात 'बदल नाही.' दुखण्याचा आकडा, दोन.

तुला म्हणून सांगते. दुसऱ्या कुणी 'दोन' लिहिलं असतं तर ती चूक म्हणता आली असती. बाहेरगावच्या माणसाला काय कळणार रेनो कांगासचं दोन म्हणजे किती. मी त्यांच्या अंगणात वाढलेय. तुझी आई गेली त्या आठवड्यात कसे आहात म्हणून विचारलं तर हा माणूस "चाललंय" म्हणाला होता. त्यांनी 'दोन' म्हटलं आणि मला आतून लख्ख कळलं की हे आठ आहे. मी तिकडे कानाडोळा केला.

का, ते विचारशील. मला ते परीक्षेसाठी हवे होते. मानेतून निघून हातात उतरणारं दुखणं, फार सोपं नाही, फार अवघड नाही, माझा हातखंडा असलेलं. डॉक्टरकडे धाडलं असतं तर रुग्ण गेला असता आणि परीक्षेला दुसरा शोधावा लागला असता. आणि त्यांचा हात वर गेला ना त्या दिवशी! ते "बरं आहे" म्हणाले. मला वाटलं, माझ्या हातांत काहीतरी आहे. मला ते वाटणं सोडवेना. इतकंच कारण आहे, यापेक्षा मोठं काही नाही. शोधून बघितलं.

तिसऱ्या भेटीला ओडेसा कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी तुझ्या बाबांनाच विचारलं, "मिस्टर कांगास, रात्री कसं असतं?" ते उत्तर द्यायच्या आत मी म्हटलं, "झोप चांगली आहे. मी विचारलंय." तुझे बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग ओडेसांकडे बघून त्यांनी मान हलवली. मला वाटलं, चला, सुटले.

पाच आठवडे असे गेले. परीक्षेच्या दिवशी पापणी उतरली तेव्हा मला लपवायला जागाच उरली नाही, म्हणून मी थांबले. ओडेसांनी ज्याला हिंमत म्हटलं ते हे.

पाच आठवड्यांनी काय फरक पडला असता, हे मी तुझ्या बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. मला त्यांनी 'काहीच नाही' म्हणावं असं फार वाटत होतं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित मणक्याला टेकली नसती. कदाचित तेव्हाही टेकलेलीच असेल." तुला मी यापेक्षा जास्त काही देऊ शकत नाही. मलाही यापेक्षा जास्त कुणी देत नाही.

आता त्यांना कसं सांगितलं ते.

फेब्रुवारीच्या संमेलनासाठी तुझ्या बाबांची सही हवी होती. वृत्तांत मी लिहून ठेवला होता. पहिल्या परिच्छेदात होतं, 'पहिल्या भेटीत रात्रीच्या वेदनेची तक्रार नव्हती.' मी हे छापायला निघाले होते, सेन्या. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी कागद घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांनी कॉफी ओतली, डाव्या हाताने, थोडी टेबलावर सांडली. मग चष्मा शोधला, आणि म्हणाले, "म्हणजे मी आता पुस्तकात जाणार. नाव घालणार का?"

"नाव घालत नाहीत."

"घाल म्हणावं. निदान टोपीचा रंग तरी लिही."

त्यांनी पेन उचललं आणि मला बोलावंच लागलं. उभ्या उभ्याच बोलले. जे वर लिहिलंय ते सगळं, याच क्रमाने, परीक्षेसकट. ते ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं. फ्रीज घरघरत होता.

मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुला कळलंय ते. पहिल्याच दिवशी तुझं तोंड बघून कळलं मला." चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "इथल्या दवाखान्यात गेलो असतो तर त्यांनी मला त्याच दिवशी पुढे धाडलं असतं. बायकोला असंच धाडलं होतं. मला जायचं नव्हतं. म्हणून एवढ्या लांब तुझ्याकडे आलो. वाटलं, ही आपली पोर आहे, ही फार खोदणार नाही."

तुला खोटं सांगणार नाही. ते ऐकून क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे दोघांचं मिळून झालं तर! आणि लगेच मला स्वतःची किळस आली. घाबरलेल्या माणसाने लपवायचंच असतं. शोधणं माझ्याकडे होतं. मी त्यांना तसं म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "ते तुझ्याकडे होतं."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, सही न करता, आणि म्हणाले, "आजाराचं मी सेन्याला सांगितलं. हे तुझं आहे, हे तू सांग. सगळं सांग. माझंसुद्धा." तुझ्याशी काय काय बोलायला हरकत नाही याचा दुसरा कागद मी नेला होता, त्यावर मात्र त्यांनी सही केली. डाव्या हाताने. पाच मिनिटं लागली.

सोमवारी ओडेसांना सांगितलं. त्या टोपी घालून बसल्या होत्या, ती त्यांनी काढली. म्हणाल्या, "नोंदीत तर काहीच नाही. तुला पहिल्या दिवशीच माहीत होतं, हे कशावरून?"

"मी त्यांच्या मुलीला पत्र लिहिलं होतं. त्यात सगळं आहे."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "नोंदीत नाही लिहिलंस, आणि पत्रात लिहिलंस."

"हो."

"मी त्या दिवशी त्यांना विचारलं होतं, लेना. तुला नव्हतं विचारलं."

"हो."

"मी पुन्हा विचारायला हवं होतं."

"नाही, ओडेसा, ती चूक माझी…"

"गप्प बस! तुझ्या तुला पुरेशा आहेत. माझी तरी माझ्याकडे राहू दे." त्यांचा आवाज चढला, मग बसला. आतापर्यंत त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या. मला आईची आठवण झाली आणि रडू आलं. त्यांनी रुमाल दिला नाही. बरोबरच केलं.

जुनी नोंद खोडता येत नाही. खाली आजच्या तारखेने नवी ओळ घालायची असते, काय माहीत होतं आणि काय लिहिलं नाही. ती मी ओडेसांसमोर बसून घातली. माझी रेसिडेन्सी थांबवलीय. पुढे चालू होईल की नाही ते जानेवारीत समिती ठरवेल. राज्याच्या परवाना मंडळालाही मी स्वतः कळवलंय. संमेलनाचं अर्थातच रद्द. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगणं मला तुला सांगण्यापेक्षाही अवघड वाटतंय, हे वाचून तुला राग येईल. येऊ दे.

तुझ्या बाबांना रोज डुलुथला आणावं लागतं, सोमवार ते शुक्रवार. शेजारी पाळी लावून आणतात. मी रिकामीच आहे, तर शुक्रवार मला द्या म्हटलं. वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "चालव गाडी. पण खांद्याला हात लावायचा नाही आता."

परवा शुक्रवारी गेले होते. दारात ते कोट घालत होते. तो जाड कोट, तुला माहीत आहे. उजवा हात बाहीत जाईना. मी नकळत पुढे झाले. "नको," म्हणाले, हळूच. मी मागे सरून भिंतीला टेकून उभी राहिले. दहा मिनिटं लागली त्यांना. घाम आला होता. गाडीत बसल्यावर रस्त्याबद्दल बोलले, कुणीतरी हरीण मारलं त्याबद्दल बोलले, माझ्या ब्रेक मारण्याला नावं ठेवली. खांद्याचा विषय नाही.

तू अठराला येतेयस. विमानतळावर मी यावं की नको ते तू कळव. न कळवलंस तर मी येणार नाही, आणि त्याचा अर्थ मी विचारणार नाही. मला माफ कर असं लिहिणार होते. तीनदा लिहून खोडलं. तुझ्याकडून काही मागायचा मला आता हक्क आहे असं वाटत नाही.

एकच सांगायचंय, ते तुझ्या उपयोगाचं आहे. कोट त्यांना तू घाल. तुझ्याकडून घेतील. आधी दुखरा हात बाहीत घालायचा, खालून आधार देऊन, मग चांगला. काढताना आधी चांगला काढायचा, मग दुखरा. हात वर उचलायला लावू नकोस, त्यांना पुढे वाकू दे. ओढायचं नाही, थांबत थांबत. दुखतंय का असं विचारू नकोस, नाही म्हणतील. तोंडाकडे बघत राहा, तिथे सगळं दिसतं. मला दिसलं होतं.

लेना झुपान